ओलीचा काठ

ओळख व्हायच्या आधीच कोळपे सरांनी मला टोस्ट धरायला दिला होता.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. कारेगावच्या कंपनीतलं कंत्राट संपलं होतं. पिशवी टेबलाखाली दोन्ही पायांत दाबून धरली होती आणि नांदेडकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा, खिशाला पेनं. त्यांनी टोस्टचं एक टोक चहाला नुसतं टेकवलं. बुडवलं नाही, टेकवलं. चहा हळूहळू टोस्टमध्ये वर चढत होता आणि मॅचची शेवटची ओव्हर बघावी तसे ते त्याच्याकडं बघत होते.

"जरा धरा हो हे," ते मला म्हणाले. "हलवू नका. टोक टेकलेलंच राहू द्या."

मी धरला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि टोस्टच्या जवळ डोळे नेले. हॉटेलातला पोऱ्या मागून ओरडला, "आजोबा, खायचाय का त्याला शाळंत घालायचाय?" त्यांनी ऐकलं नाही. तेवढ्यात माझी गाडी लागली. कंडक्टरनं हाळी दिली, माणसं चढली, गाडीनं मागं घेतलं, पुढं घेतलं आणि ती गेली. मी टोस्ट धरून बसलेलो. मी भित्रा माणूस आहे. कुणीतरी विश्वासानं दिलेलं काम हातून सुटलं तर काय होईल, याची धास्ती मला गाडी सुटण्यापेक्षा मोठी वाटली.

शेवटी टोस्ट मोडून चहात पडला.

"वा!" ते म्हणाले. "ओल जिथवर चढली होती तिथंच मोडला. बघितलंत?"

"माझी गाडी गेली," मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "माझ्यामुळं?"

"टोस्टमुळं."

"म्हंजी माझ्यामुळंच की. चला घरी. भाकरी खा, झोपा, सकाळी दुसरी गाडी."

त्या गाडीत मी अजून बसलेलो नाही.

त्यांचं गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण गावानंच तसं बजावलं आहे. का, ते पुढं कळेल. सरांचे वडील मेंढपाळ. सर शिकले, पुण्यात एका कॉलेजात जन्मभर गणित शिकवलं, पत्नी वारल्या, मुलगी रेवतीताई बंगळुरूला गेली, आणि रिटायर झाल्यावर सर गावातल्या दोन खोल्यांत परत आले. त्यांना मदतीला माणूस हवा होता. स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "तुमचा हात हलत नाही. असा हात मिळत नाही हो."

"भीतीनं आखडलाय, सर."

"कारण कोणतंही असू दे."

माझं शिक्षण नववीतून सुटलेलं. किनवटकडच्या आमच्या शाळेत गणिताच्या तासाला मला फळ्याशी उभं केलं, उत्तर चुकलं, वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून गेलो नाही, तिसऱ्या दिवशी खरंच दुखलं, आणि मग वडिलांनी बरोबर कामावर नेलं ते नेलंच. त्यामुळं हा माणूस गणिताचा आहे हे कळल्यावर मी पिशवी आठवडाभर उघडली नव्हती. आठव्या दिवशी सरांनीच ती उघडून कपडे दोरीवर टाकले. कपडे वाळताना बाहीतलं पाणी कुठवर उतरतं ते त्यांना बघायचं होतं.

त्यांच्या विषयाचं नाव 'अरेषीय विसरण'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो पोटाचा विकार वाटला. मग त्यांनी समजावलं. एखादी गोष्ट दाटीतून विरळाकडं पसरते: शाई कागदात, ओल भिंतीत, पाणी जमिनीत. ती कशी पसरेल याचं एक जुनं, सरळ गणित आहे. सर त्याच्यावर जन्मभर चिडलेले.

"त्या गणितात काय होतं, ऐक," ते सांगत. तोवर माझं 'अहो'चं 'अरे' आणि दत्ताचं दत्तोबा झालं होतं. "आपण इथं ओट्यावर तांब्या सांडला, की त्याच क्षणाला चंद्रपूर ओलं. किती? नखावर मावणार नाही इतकं. पण ओलं! पटतं तुला?"

"नाही, सर. चंद्रपूरला फार ऊन असतं."

"बरोबर!" ते मांडीवर थाप मारत. माझं काय बरोबर आलं ते मला कधी कळायचं नाही, पण शाळेत हा शब्द मला कुणी म्हटलेला नव्हता. म्हणून मी विचारायचो नाही.

सरांच्या गणितात पाणी स्वतःच स्वतःची वाट सोपी करत जातं. जिथं ते जास्त असतं तिथं जोरात सरकतं, पातळ झालं की रेंगाळतं. म्हणून पुढं एक काठ तयार होतो. काठाच्या अलीकडं ओलं, पलीकडं ठणठणीत कोरडं. "मेंढ्या बघ," ते म्हणत. "रात्रभर वाघरात, म्हंजी जाळीच्या कुंपणात कोंडलेल्या. सकाळी जाळी काढली की मधल्या ढकलतात, म्हणून कडेच्या सरकतात. जागा झाली की ढकलणं संपतं, मग निवांत चरतात. एक तरी मेंढी एकदम दौंडात जाऊन उभी राहते का?"

हे सगळं घरात चालायचं. सांडलेली आमटी पुसायची मला परवानगी नव्हती. सर तिच्या कडेनं खडूनं रेघ ओढून ठेवत आणि जेवण झाल्यावर परत बघत. गादीची खोळ, टॉवेल, भिंत, सगळीकडं रेघा. रेवतीताईंचा रोज फोन यायचा. "दत्ताभाऊ, बाबा जेवले का?" मी म्हणायचो, "जेवले, ताई. थोडं पसरून ठेवलंय."

सरांच्या तोंडी सारखं येणारं मॉडेल म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं. कंपनीत मॉडेल म्हणजे मोटारीचा प्रकार, एवढं ठाऊक होतं. सर म्हणाले, "बुजगावणं. शेतकऱ्यासारखं हुबेहूब असतं का ते? नाक नाही, डोळा नाही, डोक्याच्या जागी मडकं. पण पाखरांपुरता शेतकरी असतो तो. तसं माझं समीकरण. पाण्यासारखं दिसत नाही, पण पाण्यापुरतं काम करतं. करावं, अशी अपेक्षा."

शेवटचे दोन शब्द ते नेहमी हळू बोलत.

आता विहिरीचं.

गावच्या शाळेमागं एक जुनी विहीर आहे. सर आणि रंगनाथ आबा लहानपणी त्याच विहिरीचं पाणी पिऊन त्याच शाळेत शिकलेले. आबा म्हणजे गावातलं मोठं घर. बागायत, सोसायटीचं चेअरमनपद भोगून झालेलं, पागोटं गेलं तरी रुबाब शाबूत. मी आलो तेव्हा विहीर कित्येक वर्षं कोरडी होती. आत बाटल्या, चपला आणि कुणाचा तरी फुटका टीव्ही. ग्रामपंचायतीचं म्हणणं, बुजवून वर गाळे काढू. सर स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत उभे राहिले आणि म्हणाले, वरच्या ओढ्यावर नवा बंधारा झालाय, यंदा तो भरला की त्याचं पाणी जमिनीतून सरकत या विहिरीत येईल. संक्रांतीच्या आत येईल.

सरपंच सुनंदाताई स्पष्ट बाई. मिस्टर मोटरसायकलवर मागं बसतात आणि चालवतात त्या. म्हणाल्या, "सर, तुमचा मान आहे. संक्रांतीपर्यंत पाणी दिसलं, तर विहीर राहिली, आन् दुसरा बंधारा तुम्ही बोट दाखवाल तिथं. न्हाई दिसलं, तर दुसऱ्या दिवशी मुरमाचा डंपर. मग मधी यायचं न्हाई."

"कबूल," सर म्हणाले.

मी मागं उभा राहून घाम पुसत होतो. पैज सरांची, घाम माझा. घरी येताना मी म्हणालो, "सर, चुकलं तर?"

"तर चुकलं."

"सगळ्या गावासमोर?"

"मग कुणासमोर चुकायचं? खोलीत एकट्यानं चुकलेलं सापडत नाही, दत्तोबा."

बंधारा भरला. सरांनी बंधाऱ्यापासून विहिरीपर्यंत ओळीनं पाइप पुरून घेतले होते, वर झाकण. मी रोज जायचो, झाकण काढून वजन बांधलेली फीत आत सोडायचो. कोरड्यात ठक्क वाजायचं, पाण्यात डुबुक. पहिल्या पाइपात डुबुक वाजलं तेव्हा सरांनी गूळ वाटला. मग दुसऱ्यात वाजलं, दिवाळीनंतर तिसऱ्यात. गावाला नाद लागला. दूध घालायला निघालेला माणूस सायकल थांबवून विचारायचा, "पाव्हणं, वरात कुठवर आली?" मी सांगायचो, पाटलांच्या बांधापर्यंत. तो पुढं चार घरी सांगायचा. आबा तर रोज संध्याकाळी ओट्यावर यायचे.

"सर, आलं का?"

"येतंय."

"जरा ढकलता येत न्हाई का?"

"आबा, ते मागनंच ढकललं जातंय. पुढनं ओढायचं नसतं."

आबा मान डोलवायचे. त्यांना पटायचं नाही. जन्मभर दारं धरून, बांध फोडून पाण्याला हवं तिकडं वळवलेला माणूस. पाणी आपल्या मर्जीनं चाललंय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे त्यांना बघवत नव्हतं. त्यात सर वाळत चाललेले. जेवणावरचं मन उडालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी रात्री समीकरणात डोकं घातलेलं. शेवटच्या, विहिरीलगतच्या पाइपात अजून ठक्कच वाजत होतं.

संक्रांत जवळ आली तशी सरांना डोळा दाखवायला मी दौंडला नेलं. आख्खा दिवस गेला. दवाखान्यात सरांनी डॉक्टरला विचारलं, की डोळ्यात टाकलेला थेंब किती वेळात कुठवर पसरतो. डॉक्टर म्हणाला, आजोबा, वर बघा.

परत आलो तर शाळेमागं गर्दी. नारळ फुटलेला, गुलाल नुसता उधळायचा बाकी. "सर! पाणी आलं!" सर माझा हात धरून कठड्याशी गेले. खाली खरंच गुडघाभर पाणी. त्यात टीव्ही तरंगत नव्हता, पण चपला तरंगत होत्या.

सर हसले नाहीत. म्हणाले, "शेवटच्या पाइपात फीत सोड."

मी सोडली. ठक्क.

"परत सोड."

ठक्क.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ते तिथंच जमिनीवर बसले. "विहिरीत पाणी, आन् वाटंवरचा पाइप कोरडा," ते पुटपुटले. "म्हंजी पाणी आलं, पण वाटेनं नाही आलं. काठ नाही. दत्तोबा, माझं समीकरण चुकलं रे."

तेवढ्यात मला जमिनीवर टायरच्या जाड खुणा दिसल्या. ओल्या, ताज्या, थेट कठड्यापर्यंत आलेल्या. मी म्हणालो, "सर, इथं टायर..."

"थांब, विचार करू दे."

"सर, टँकरचे वाटतात..."

"दत्तोबा, आत्ता वाहनांचं नको."

वाटेत मी परत तोच विषय काढला, तर म्हणाले, "मी कुठं चुकलो ते बघतोय, तू गाड्या मोजतोयस." हातानं बांधलेलं आयुष्यभराचं समीकरण खोटं असेल, हे त्यांना चटकन पटलं. गावानं खोटं पाणी ओतलं असेल, असं त्यांच्या मनाच्या आसपासही फिरकलं नाही.

सकाळी त्यांनी सुनंदाताईंकडं मला धाडलं. ग्रामसभा बोलवा, मला बोलायचंय. गावाला वाटलं, सत्कार आहे. शाल आली, हार आला. सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा हिशेब चुकला आहे. पाणी आलं, पण मी सांगितलं त्या कारणानं आलं नाही. कशानं आलं, मला माहीत नाही. आज आलं तसं उद्या जाईल. माझ्या भरवशावर दुसरा बंधारा बांधू नका. विहिरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

हार घेऊन उभा असलेला माणूस हार घेऊन तसाच खाली बसला.

सुनंदाताई म्हणाल्या, "अवो सर, पाणी दिसलंय की! आपलं बोलणं तेवढंच झालं होतं."

"ताई, उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली, तर मी पोरांना मार्क देत नव्हतो."

आबा पुढच्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी डावी मांडी मोडली, उजवी मोडली, टोपी काढली, घातली. बायकांच्या बाजूनं काकींचा, म्हणजे आबांच्या मंडळींचा आवाज आला, "आता सांगता का मी सांगू?"

आबा उठले. चारचौघांत ते सरांना 'सर' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "भिवा, पानी म्या वतलंय."

"काय?"

"पुतण्याचा टँकर आणला. तू दौंडाला गेला तवा. तुझी मान खाली जायला नको म्हून. तारीख आली जवळ, पानी येईना, तू जेवंना. मंग काय करू?"

"आन् सगळ्या गावाला ठाऊक होतं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पाइप धराया आम्हीच होतो, सर."

मला वाटलं, आता सर कोसळतील. सर दोन माणसांच्या अंगावरून वाट काढत आबांपर्यंत गेले आणि त्यांना मिठी मारली. "म्हंजी समीकरण शाबूत हाय! आबा, तू चोर हायस, पण माझं समीकरण शाबूत हाय!"

सभा अशी हसली की शाळेतली पोरं खिडकीला लोंबकळली. नाही हसल्या त्या सुनंदाताई. "हसताय काय? उपसा ते पाणी. आजच्या आज. आन् संक्रांतीची मुदत हाय तीच. कुणी तांब्या जरी वतला, तरी मी डंपर बोलवीन." मग सगळ्यांनी मिळून ठराव केला, की हे गावाबाहेर बोलायचं नाही. शेजारच्या गावांनी ऐकलं तर पोरींची लग्नं जमायची नाहीत. पाणी आबांच्याच इंजिनानं उपसलं. ते आबांच्याच कांद्याला गेलं, त्यावरून दोन दिवस वेगळी भांडणं झाली.

त्या रात्री मी पोळ्या लाटत होतो आणि सर भूक लागल्यासारखे जेवत होते. मी म्हणालो, "सर, तुम्ही सभेत चुकलो म्हणालात तेव्हा माझेच पाय कापत होते."

"माझेही."

"दिसलं नाही."

"पायजमा सैल आहे." मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "भविष्य सांगणारा चुकला की कारणं सांगतो. हिशेब करणारा चुकला की परत बसतो. एवढाच फरक. तूही बसला असतास त्या दिवशी फळ्यासमोर, तर काही झालं नसतं. मास्तरनं तुला परत बसू द्यायला हवं होतं." मी कधीतरी बोललो होतो ते त्यांना आठवत होतं. मी पोळी उलटायला विसरलो. करपली. त्यांनी ती करपलेली खाल्ली, आणि करपण्याचा काठ दाखवला.

संक्रांत आली. शेवटच्या पाइपात ठक्क. विहीर कोरडी. सर दुपारभर कठड्याशी बसून होते. तिळगूळ द्यायला माणसं येत होती आणि गोड बोला म्हणायचं सोडून आत वाकून बघत होती. दिवस मावळला तेव्हा सर उठले. "संपली मुदत," म्हणाले. "दत्तोबा, उद्या पाइप काढायला घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डंपर येणार, तर तो आलाच नाही. ड्रायव्हर म्हणाला, आज कर आहे. संक्रांतीचा दुसरा दिवस, करीला कुणी नवं काम काढतं का? सुनंदाताईंनी कपाळावर हात मारला. तारीख ठरवताना त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. पण त्यांच्या सासूबाईंनीही करीला घरात विळी धरू दिली नव्हती, त्यामुळं त्यांना पुढं बोलता येईना.

बोलले ते सर. "हे बरोबर नाही. मुदत कालची होती. मी करबिर मानत नाही. डंपर बोलवा."

आबा त्यांच्यापुढं काठी आडवी धरून उभे राहिले. "तू गप र, भिवा. तुझं गणित काल संपलं. आता आमचं पंचांग चालू हाय."

आणि अख्खा गाव त्या दिवशी कधी नव्हे इतका धार्मिक झाला. शेतात कुणी गेलं नाही, गिरणीवाल्यानं गिरणी उघडली नाही. एक जण मात्र दाढी करून बसला होता, त्यालाही लोकांनी नावं ठेवली.

करीच्या दुसऱ्या दिवशी डंपर आला. लाल मुरूम भरलेला. विहिरीच्या तळाशी आम्ही रोवलेली मोजपट्टी होती, ती तेवढी काढून आणतो, असं मी सुनंदाताईंना म्हणालो. पायऱ्या उतरलो. दगडी बांधकाम जिथं संपतं, तिथून खाली मुरमाची भिंत. पट्टी उपटायला वाकलो तर बंधाऱ्याच्या बाजूची भिंत काळपट दिसली. सावली असेल म्हणून हात लावला. गार. बोटं ओली.

"सर!" मी ओरडलो. "ओल!"

वर एकदम गलका. त्यावर सरांचा आवाज आला. डोळ्यामुळं त्यांना पायऱ्या उतरता येत नव्हत्या, कठड्यावरून ते वाकले होते आणि आबांनी त्यांचा शर्ट मागून धरला होता.

"दत्तोबा! कुणी ओतलेलं नाही ना?"

"भिंतीतनं येतंय, सर!"

"काठ कसा आहे? धारदार की पुसट?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. तसलं पाणी आबांनी एकदा पाजलंय. नीट बघ, मग सांग."

वरून सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मला आमच्या शाळेतला फळा आठवला. मी भिंतीशी तोंड नेलं. उजवीकडं काठ होता. इतका स्वच्छ, की नखानं रेघ ओढावी. खाली काळं, वर तांबडं कोरडं, मध्ये काही नाही. पण डावीकडं तसं नव्हतं. तिथं ओल विस्कटलेली होती, फडक्यानं पुसल्यासारखी, आणि कुठं संपते ते मला सांगता येईना. हे सांगितलं तर त्यांच्या जन्माच्या मेहनतीला मीच बोट लावणार. उजवीकडचं तेवढं सांगून वर जाता आलं असतं.

"उजवीकडं धारदार आहे, सर," मी म्हणालो. "एकदम रेघ."

वरून एक मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

"पण डावीकडं नाही, सर. डावीकडं पुसट आहे. तिथं काठच नाही."

मला वाटलं, संपलं.

"डावीकडं?" सर म्हणाले. आणि त्यांच्या आवाजात जे आलं, ते मी गूळ वाटलेल्या दिवशीही ऐकलं नव्हतं. "डावीकडं पुसट? कुठनं कुठपर्यंत? असं का होईल? आबा, सोड माझा शर्ट, मला खाली जाऊ दे!"

आबांनी सोडला नाही. खाली आल्या त्या सुनंदाताई, पदर खोचून. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, उचलून बघितला. तळव्यावर पाणी चमकत होतं. वर तोंड करून त्या डंपरवाल्याला म्हणाल्या, "मुरूम ने अंगणवाडीपुढं टाक. चिखल होतो तिथं." मग मला हळूच म्हणाल्या, "सर पास का नापास, ते तरी सांगा."

"ताई, त्यांना आता काम मिळालंय," मी म्हणालो.

चार-पाच दिवसांत तळाला पाणी साचलं आणि हार शेवटी सरांच्या गळ्यात पडला. सगळे पेढे खात होते आणि सर हार घातलेल्या अवस्थेत मला विचारत होते, की डावीकडं मुळं होती का, भेग होती का, मातीचा रंग वेगळा होता का. मला सांगता आलं तेवढं सांगितलं. पण तोवर पाणी त्या जागेच्या वर चढलं होतं. "उन्हाळ्यात उतरेल," सर म्हणाले. "तेव्हा बघ. नीट बघ."

फाल्गुनात रेवतीताई त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला बंगळुरूला घेऊन गेल्या. दौंड जंक्शनवर आम्ही सगळे सोडायला गेलो. आबा रडले आणि म्हणाले धूळ गेली. मी पाया पडलो तर सरांनी मला उठवून खांद्याला धरलं. काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं. म्हणाले, "डावी बाजू." गाडी हलली.

मग फोन. पाणी उतरलं का, दत्तोबा? नाही, सर. अजून नाही? नाही, सर. डोळा बरा झाला, पण हृदयानं दगा दिला. रेवतीताईंचा फोन आला तेव्हा मी विहिरीवरच होतो. शेवटच्या दिवसांत बाबा पलंगाशेजारच्या भिंतीवर बोटानं काठ ओढत होते, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "ताई, घर मी झाडतोय. काही पुसलेलं नाही."

दुसरा बंधारा झाला, सरांनी नकाशावर बोट ठेवलं होतं तिथंच. मी त्याची आणि पाइपांची देखरेख करतो, पंचायतीनं ठेवून घेतलंय. आई गावाकडून विचारते, काय काम असतं रे तिथं? मी सांगतो, बघायचं असतं.

यंदाचा उन्हाळा कडक होता. आजूबाजूच्या विहिरींनी तळ गाठला, आमची शाळेमागची विहीर मात्र वैशाखातही भरलेली राहिली. पोरं पोहायला लागली. सुनंदाताई पाव्हण्यांना मुद्दाम ती दाखवायला आणतात. आबा कठड्यावर बसून मिशीला पीळ देतात. रोज कुणी ना कुणी आत वाकतं आणि म्हणतं, देवाची कृपा, इंचभर उतरलं नाही.

मी हो म्हणतो. आणि सगळे गेले की कठड्यावर हात टेकून बंधाऱ्याकडच्या भिंतीची डावी बाजू शोधत राहतो. पाण्याखाली काही दिसत नाही. सगळ्या गावात विहीर आटायची वाट बघणारा मी एकटाच माणूस आहे, आणि हे अजून मी कुणाला बोललेलो नाही.